ढोलीतल्या पिलांचे छायाचित्र : एक चिकित्सा

बुलढाणा जिल्ह्यातील एका शाळेत भरलेले निसर्ग-छायाचित्रांचे प्रदर्शन आम्ही नुकतेच पाहिले. बहुतेक छायाचित्रे विद्यार्थ्यांनीच मोबाइलवर काढलेली होती. पहिला क्रमांक मिळालेल्या चित्रासमोर चांगलीच गर्दी होती. बांधावरच्या जुन्या आंब्याची ढोली, तिच्या तोंडाशी पिंगळ्याची तीन पिले, डोळे विस्फारून थेट आपल्याकडे पाहणारी. खाली ओळ होती : 'आईची वाट पाहताना'. चित्र स्वच्छ, ठसठशीत होते. तरीही विज्ञानाच्या कसोटीवर ते उतरत नाही, असे आमचे मत झाले. का, ते पाहू.

प्रथम चित्रातला पुरावा तपासू. पिलांच्या डोळ्यांत फ्लॅशचे पांढरे ठिपके आहेत. ढोलीपुढच्या डहाळ्या नुकत्याच मोडलेल्या दिसतात. चित्र ढोलीच्या उंचीवरून, अगदी जवळून घेतले आहे. म्हणजे कोणीतरी झाडावर चढले होते. अशा वेळी आईबाप बहुधा शेजारच्याच झाडावर भक्ष्य घेऊन बसलेले असतात. वाट ते पाहत असतात, माणूस जाण्याची. चित्राखालची ओळ भावनेला धरून आहे, निरीक्षणाला नाही.

दुसरे असे, की चित्रातली खरी मोलाची गोष्ट त्या ओळीत आलेलीच नाही. तिन्ही पिले तीन आकारांची आहेत. पिंगळ्याची मादी साधारण तीन ते पाच अंडी घालते आणि पहिल्या अंड्यापासूनच उबवू लागते. त्यामुळे पिले एकाच दिवशी बाहेर येत नाहीत. अन्न कमी पडले की मोठे पिलू आधी घास मिळवते आणि धाकटे मागे पडते. अनेकदा दोन-तीनच पिले उडण्याच्या वयापर्यंत पोचतात. माणसाच्या वावरामुळे घास आणण्याच्या काही फेऱ्या चुकल्या, तर त्याची किंमत बहुधा सर्वांत लहान पिलाला मोजावी लागते.

माणसाचा हात लागला की पक्षी पिले टाकून देतात, ही समजूत मात्र सरसकट खरी नाही. नुकसान होते ते वेगळ्या वाटेने. घाबरलेले पिलू पुरते पंख फुटण्याआधीच ढोलीबाहेर उडी टाकू शकते. पानांचा पडदा गेला की मार्च-एप्रिलचे वऱ्हाडी ऊन थेट ढोलीच्या तोंडावर येते आणि कावळ्यालाही जागा दिसते. शिवाय पिंगळा स्वतः ढोली कोरत नाही. आयत्या ढोल्यांसाठी त्याला साळुंकी आणि पोपटाशी स्पर्धा करावी लागते. जुनी झाडे जिथे कमी होत आहेत, तिथे सोडलेल्या ढोलीच्या बदल्यात दुसरी सहज मिळत नाही.

मग घरट्यावरच छायाचित्रे घेण्याची रीत पडली कशी? पूर्वीच्या काचा आणि फिल्म मंद होत्या, भिंगे आखूड होती. पक्षी हमखास परत येईल अशी जागा म्हणजे घरटे. म्हणून छायाचित्रकार त्याच्यासमोर लपणगृह उभारून तासन्‌तास बसत. ब्रिटिश छायाचित्रकार एरिक हॉस्किंग यांना १९३७ साली अशा कामात घुबडाच्या हल्ल्यात डावा डोळा गमवावा लागला. आज लांब पल्ल्याची भिंगे आणि जलद कॅमेरे उपलब्ध आहेत. ती तांत्रिक अडचण संपली, सवय तेवढी उरली.

कायद्याची बाजूही शिक्षकांना ठाऊक हवी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणे येते. मग ते झाड अभयारण्यात असो वा बांधावर. जिल्ह्यातील ज्ञानगंगा व अंबाबरवा यांसारख्या अभयारण्यांत तर छायाचित्रणासाठी परवानगी लागते. अधिवासात बदल वा वन्यजीवांवर विपरीत परिणाम होता कामा नये, हे २०२२ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले आहे.

हे सारे लिहिताना त्या विद्यार्थ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा आमचा हेतू नाही. विद्यार्थिदशेत आम्हीही टॉर्च घेऊन ढोल्यांत डोकावलो आहोत. कुतूहल चांगलेच; त्याला रीत लावणे हे आपले, शिक्षकांचे आणि परीक्षकांचे, काम आहे. प्रत्येक चित्रासोबत 'किती अंतरावरून, किती वेळ थांबून, पक्ष्याने काय केले' अशा तीन नोंदी मागाव्यात. संध्याकाळी दूर बसून आईबापांच्या फेऱ्या मोजाव्यात व त्यांचा आलेख काढावा. पिले उडून गेल्यावर झाडाखाली पिंगळ्याने तोंडावाटे टाकलेल्या, न पचलेल्या अवशेषांच्या गोळ्या शोधाव्यात. त्या पाण्यात भिजवून चिमट्याने सोडवल्या, की भुंगेऱ्यांचे कठीण पंख आणि उंदरांची हाडे वेगळी होतात. पिंगळा शेतकऱ्याच्या काय कामी येतो, हे वर्गातच दिसते. पुढच्या प्रदर्शनात आम्हाला त्या गोळ्यांचे छायाचित्र पाहायला आवडेल.