आलिंगनाआधीचे भांडण

सामाजिक सलोखा हा शब्द आपल्याकडे दंगल झाली की आठवतो आणि सण आला की मिरवतो. मोहल्ला समितीची बैठक, इफ्तारचे खजूर, दिवाळीचा फराळ, ईदचा शीरखुर्मा. या गोष्टी वाईट नाहीत. शीरखुर्म्याने कोणाचे नुकसान झाल्याचे आम्ही ऐकलेले नाही. परंतु साहित्यातला सलोखाही याच वाटीत मावावा, हे आम्हांस खटकते. मराठी एकांकिकेत मुसलमान येतो तो बहुधा रहीमचाचा म्हणून. तो दाढीवर हात फिरवतो, दोन शेर म्हणतो आणि अखेर कोणाचा तरी जीव वाचवून आपला चांगुलपणा सिद्ध करतो. शाळांच्या स्नेहसंमेलनातील एकात्मतेच्या कार्यक्रमात तर टोपीवाल्या मुलाला वाक्यच नसते. त्याने फक्त टिळेवाल्या मुलाचा हात धरून उभे राहायचे असते.

या पार्श्वभूमीवर संत एकनाथांचा ‘हिंदु-तुर्क संवाद’ पुन्हा वाचण्याजोगा आहे. ‘तुर्क’ म्हणजे मुसलमान. त्या काळातला तो सरसकट शब्द. नाथ पैठणचे. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी निजामशाहीच्या चाकरीत दौलताबादचे किल्लेदार होते, असे परंपरा सांगते. म्हणजे मुसलमान सरदार, शिपाई, फकीर, कारकून हे नाथांनी ग्रंथांतून वाचलेले नव्हते, रोज पाहिलेले होते. नाथ १५९९ साली गेले. सव्वाचारशे वर्षांपूर्वीची ही रचना आहे, हे वाचताना आठवण ठेवून लक्षात ठेवावे लागते.

या संवादाचा उल्लेख व्याख्यानांतून पुष्कळ होतो. पण होतो तो शेवटाचा. दोघे एकमेकांस वंदन करतात, आलिंगन देतात, वाद मिटतो, टाळ्या पडतात. त्याआधी काय घडले ते वक्ते सांगत नाहीत. त्याआधी घनघोर भांडण आहे. सुरुवातच अशी की तुर्क हिंदूला काफिर म्हणतो आणि हिंदू त्याला दूर हो, विटाळ होईल, म्हणून सांगतो. एका शब्दात एकाचा तिरस्कार, दुसऱ्या शब्दात दुसऱ्याचा. नाथांनी दोन्ही समाजांच्या नेमक्या नसेवर बोट ठेवले आहे.

मग एकेक जण दुसऱ्याचे काढू लागतो. तुर्क हिंदूच्या स्नानाची टर उडवतो, दगडापुढे माथा टेकण्यावर बोट ठेवतो, एकमेकांच्या हातचे न खाणारे तुम्ही कसले एका धर्माचे, असा सवाल टाकतो. पुराणांतल्या देवांच्या कथा तो अशा शब्दांत उगाळतो की आजच्या वाचकाचे कान तापावेत. हिंदूही कच्चा नाही. देव सर्वत्र आहे तर पश्चिमेकडेच तोंड का, दिवसाच्या पाच वेळांखेरीज उरलेला वेळ काय वाया गेला, बिस्मिल्ला म्हणून जनावर कापल्याने सवाब कसा, असे तो विचारतो. हिंदूला मुसलमान करण्याच्या खटपटीवरही तो तुटून पडतो. देवाने हिंदूला निर्माण केले ही देवाची चूक झाली काय, असा त्याचा सूर आहे.

आमच्या मते या रचनेचे मोठेपण येथे आहे. नाथ स्वतः ब्राह्मण, कीर्तनकार, भागवताचे टीकाकार. आपल्याच देवांविषयीचे, आपल्याच सोवळ्याविषयीचे कठोर बोल त्यांनी तुर्काच्या तोंडी घातले आणि ते बोथट केले नाहीत. समोरच्याला त्याचे पुरते बोलू दिले. तुर्काचा प्रत्येक मुद्दा हास्यास्पद करून हिंदूला जिंकवणे त्यांना सहज शक्य होते. वादाच्या अशा एकतर्फी पोथ्या दोन्ही धर्मांत ढिगाने आहेत. आज कोणी हा संवाद जसाच्या तसा चौकात सादर करील तर आलिंगनापर्यंत प्रयोग पोहोचेल की नाही, याची आम्हांस शंका आहे. धार्मिक भावना दुखावण्याचे १९२७ सालचे कलम २९५-अ २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत २९९ क्रमांकाने आहेच. दोन्ही बाजूंचे तक्रारदार बहुधा एकाच ठाण्यात भेटतील.

दुसरी गोष्ट भाषेची, आणि उर्दू माध्यमाचे शिक्षक म्हणून ती आम्हांस अधिक जवळची आहे. नाथांचा हिंदू मराठीत बोलतो, तुर्क दखनीत. दोघेही आपली भाषा सोडत नाहीत आणि दोघांनाही एकमेकांचे अक्षर न् अक्षर कळते. समज नसल्यामुळे भांडण आहे, असे नाथ म्हणत नाहीत; चांगले समजते म्हणूनच ते इतके रंगते. दखनीने मराठीकडून ‘नक्को’ घेतला, शब्दाला जोर देणारा ‘च’ घेतला. हे देणेघेणे कोणत्याही समितीने ठरवून केलेले नाही. बाजारात भाव करताना ते झाले.

आज हीच जीभ घेऊन आमचा विद्यार्थी आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेला उभा राहतो. ‘ळ’ चा ‘ल’ होतो, ‘भूक लागला’ असे लिंग चुकते, आणि सभागृहात खसखस पिकते. तो पोरगा पुढच्या वर्षी नाव देत नाही. उर्दू शाळांतून मराठी हा विषय आहे, २०२० च्या कायद्याने तर सर्वच शाळांत तो सक्तीचा झाला. पण त्याची मराठी ऐकून घेण्याची सक्ती कोणावर करणार? नाथांनी ज्या बोलीला आपल्या रचनेत बरोबरीची जागा दिली, तिच्या सावलीलाही आज मराठीच्या व्यासपीठावर हसू मिळते. समावेशाची चर्चा खरे तर येथून सुरू व्हायला हवी.

नाथांची मर्यादाही सांगितली पाहिजे. भांडण दोघांचे असले तरी मिटते ते हिंदूच्या अंगणात. अखेरचा समेट अद्वैताच्या भूमीवर होतो. तौहीद मानणारा तुर्क आपल्या शब्दांत तेथपर्यंत कसा आला असता, ते नाथांनी दाखवलेले नाही. शिवाय हा तुर्क कितीही बोलका असला तरी त्याची लेखणी ब्राह्मणाच्या हातात आहे. महाराच्या तोंडची भारुडे नाथांनी लिहिली खरी, परंतु या संवादात तिसरा माणूस नाही, आणि बाई तर नाहीच.

लेखणी आपल्या हातात घेतली ती श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी. त्यांचा ‘योगसंग्राम’ १६४५ सालचा. येथे मुसलमान पात्र नाही, कर्ता आहे. मराठी ओवीत तो विठ्ठलभक्तीही सांगतो आणि दोन्हीकडच्या ढोंगाचे वाभाडेही काढतो. स्वतःस ‘अविंध’ म्हणून घ्यायला, म्हणजे कान न टोचलेला परका म्हणवून घ्यायला, तो कचरत नाही. ज्या शब्दाने त्याला बाहेर ठेवले जात होते तोच शब्द नावाला लावून तो आत आला. आत येण्यासाठी त्याने रहीमचाचा व्हायचे नाकारले, असे आजच्या भाषेत म्हणता येईल.

आता आमच्या लेखकांकडे वळू. हमीद दलवाईंनी ‘इंधन’मध्ये (१९६५) कोकणातल्या गावातला ताण मांडला तेव्हा आपल्याच लोकांना सोडले नाही, त्यांच्या पुढील भूमिकांशी मतभेद असणाऱ्यांनीही कादंबरीकार म्हणून ही गोष्ट मान्य करावी. त्यानंतरच्या मुस्लिम मराठी कथेत मात्र हिंदू पात्र बहुधा दोनच प्रकारचे दिसते, दंगलखोर किंवा प्रेमळ मास्तर. हा प्रेमळ मास्तर म्हणजे रहीमचाचाचाच शेजारी. त्याला आपल्या चालीरीतींविषयी, तलाकविषयी, मोहल्ल्यातल्या बंद दारांविषयी चार टोचणारे प्रश्न विचारू द्यायला आपले कथाकार तयार नाहीत. छळाच्या, संशयाच्या काळात आपल्या घरावरची टीका आपणच कशाला छापावी, ही भीती आम्हांस समजते. भाड्याने घर मागायला गेल्यावर आडनाव विचारून दार लावून घेतले जाते, हे या अंकाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. तरीही ज्या कथेत समोरच्याला त्याचे खरे मत बोलता येत नाही, तिच्यातल्या शेवटच्या गळाभेटीवर कोण विश्वास ठेवणार?

हा संवाद वर्गात शिकवायचा तर अडचण मजेशीर आहे. मराठी शाळेतले गुरुजी तुर्काच्या ओळींपाशी अडतील, उर्दू शाळेतले उस्ताद हिंदूच्या ओळींपाशी. एकाच गावात, अनेकदा एकाच रस्त्यावर, या दोन शाळा भरतात, आणि नववीची मुले एकमेकांना क्रिकेटच्या मैदानाखेरीज कोठे भेटत नाहीत. दोन्ही वर्ग एका दुपारी एकत्र बसवून भूमिका वाटून द्याव्यात. तुर्काच्या ओळी मराठी शाळेच्या मुलाने म्हणाव्यात, हिंदूच्या आमच्या मुलाने. ‘ळ’ चा ‘ल’ झाला तरी चालेल. फक्त संहितेतला एकही शब्द गाळू नये.