श्रेणी आणि साक्ष : मलेशियाविषयीच्या २०१५ च्या अहवालाची चिकित्सा

माणसांचा अपव्यापार रोखण्यासाठी एखाद्या राष्ट्राने काय केले, याचा निवाडा इतरांनी कोणत्या प्रमाणांवर करावा, हा आंतरराष्ट्रीय देखरेखीपुढील मूलभूत प्रश्न होय. या क्षेत्रात सर्वाधिक दबदबा आहे तो अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या वार्षिक अहवालाचा. अमेरिकन काँग्रेसने २००० साली केलेल्या कायद्यान्वये २००१ मध्ये त्याचा आरंभ झाला. प्रत्येक देशाचे वृत्त द्यावयाचे आणि त्यास एक श्रेणी लावावयाची, असे त्याचे द्विविध स्वरूप आहे. किमान निकष पूर्ण करणारे देश पहिल्या श्रेणीत, ते पूर्ण न करता लक्षणीय प्रयत्न करणारे दुसऱ्या श्रेणीत, आणि तेवढेही न करणारे तिसऱ्या श्रेणीत मोडतात. दुसऱ्या व तिसऱ्या श्रेणींच्या मध्ये एक निरीक्षण-सूची आहे. तिसऱ्या श्रेणीतील देशाची काही प्रकारची मदत रोखता येते.

वृत्त आणि श्रेणी यांचा मेळ किती शिथिल असू शकतो, हे मलेशियाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. निरीक्षण-सूचीत राहण्याची कायदेशीर मुदत संपल्यामुळे २०१४ मध्ये हा देश तिसऱ्या श्रेणीत उतरला. जुलै २०१५ च्या अहवालाने त्यास पुन्हा निरीक्षण-सूचीत चढविले. वाढलेले तपास व खटले आणि कायद्यातील नियोजित दुरुस्त्या ही त्याची कारणे सांगितली गेली. परंतु दोषसिद्धींची संख्या २०१३ मधील ९ वरून २०१४ मध्ये ३ वर आल्याचे त्याच अहवालात नमूद आहे. मालकांनी मजुरांची पारपत्रे स्वतःकडे ठेवण्याची प्रथाही सार्वत्रिकच असल्याचे त्यात म्हटले आहे. योजना जमेस धरावयाच्या आणि फलिताकडे काणाडोळा करावयाचा, हा न्याय तर्काला पटणारा नव्हे.

दरम्यान मे २०१५ मध्ये थायलंडच्या सीमेलगत वांग केलियान येथील जंगलात १३९ कबरी आढळल्या होत्या. रोहिंग्या व बांगलादेशी स्थलांतरितांना खंडणीसाठी डांबून ठेवणाऱ्या छावण्यांच्या त्या खुणा होत्या. अहवालाचे वर्ष मार्चअखेर संपत असल्याने ही घटना त्याच्या कक्षेबाहेर पडली. कालमर्यादा ही कोणत्याही मूल्यमापनास आवश्यक असते, हे मान्यच. तथापि ज्या छावण्या त्या वर्षातही चालू होत्या, त्यांचा शोध पुढे लागला एवढ्याच कारणाने त्या हिशेबातून गळाव्यात, हे त्या मर्यादेचे यांत्रिक पालन झाले.

श्रेणीबदलाचा काळही चिंत्य आहे. जून २०१५ मध्ये अमेरिकेत संमत झालेल्या व्यापारविषयक कायद्यान्वये तिसऱ्या श्रेणीतील देशाशी होणाऱ्या करारास शीघ्र मंजुरीची सवलत नाकारली गेली होती. आणि प्रशांत महासागरी व्यापार-कराराच्या वाटाघाटींत मलेशिया सहभागी होता. या दोहोंत संबंध असल्याचा आरोप परराष्ट्र खात्याने फेटाळला. तो आरोप सिद्ध मानण्याचे कारण नाही. परंतु परीक्षकच जेथे व्यवहारातील पक्ष असतो, तेथे निर्दोष निर्णयावरही संशयाची छाया पडते, हा रचनेचाच दोष होय.

याउलट युरोप परिषदेच्या २००५ च्या करारानुसार नेमलेले तज्ज्ञमंडळ श्रेणी देतच नाही. ते प्रत्यक्ष भेट देते, शासनाचे उत्तर मागविते आणि ते अहवालासोबत छापते. अर्थात त्याची कक्षा करारबद्ध राष्ट्रांपुरती आहे, आणि मदत रोखण्यासारखे शस्त्र त्याच्या हाती नाही. अमेरिकन अहवालाचा धाक मात्र श्रेणीतूनच येतो, हे त्याच्या टीकाकारांनीही विसरता कामा नये.

तेव्हा प्रश्न अहवाल टाकून देण्याचा नसून तो कसा वाचावा याचा आहे. २०२१ मध्ये मलेशिया पुन्हा तिसऱ्या श्रेणीत गेला आणि २०२३ मध्ये तेथून वर आला. या चढउतारांतून शासनांच्या परस्परसंबंधांचाही हिशेब डोकावू शकतो. पारपत्र गमावलेल्या मजुराची स्थिती कळते ती वृत्तातील तपशिलांवरून. श्रेणी हा निर्णय आहे, वृत्त ही साक्ष आहे. अभ्यासकाने निर्णयाची चिकित्सा साक्षीच्या आधारे करावी. निर्णयावरून साक्षीचे मोल ठरवू नये.