गाणे ऐकण्याची जागा

१९७८ हे साल मोठे बोलके आहे. त्या साली जनार्दन वाघमारे यांचा ‘अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती’ हा ग्रंथ आला आणि काळ्या अमेरिकनांच्या साहित्याशी आपले नाते अभ्यासाचा विषय झाले. त्याच साली भीमराव कर्डक यांचे ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. आणि त्याच साली निरंजन झवेरी व त्यांच्या जॅझवेड्या मित्रांनी मुंबईत पहिली ‘जॅझ यात्रा’ भरवून सॉनी रोलिन्ससारख्या श्रेष्ठ काळ्या सॅक्सोफोनवादकाला येथे आणले. एकाच वर्षात, एकाच राज्यात घडलेल्या या तीन घटनांची एकमेकींशी गाठ मात्र पडली नाही. जॅझ ऐकणाऱ्यांना कर्डक ठाऊक नव्हते. याचे नवल नाही. नवल याचे की, काळ्यांच्या कवितेवर आणि जाहीरनाम्यांवर भरभरून लिहिणाऱ्या आपल्या समीक्षेलाही त्यांच्या संगीताकडे आणि त्या निमित्ताने स्वतःच्या संगीताकडे वळून पाहावेसे वाटले नाही. आपली तुलना कागदावरच्या शब्दापाशी थांबली.

जॅझच्या रसिकाकडून घेण्यासारखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे ऐकण्याची व्यवस्था. हे संगीत मोठ्या सभागृहांत वाढले नाही. १९४० नंतरच्या काही वर्षांत हार्लेममधील ‘मिंटन्स प्लेहाउस’ या लहानशा जागेत, मोठ्या बँडमधील पोटापाण्याचे वादन आटोपून वादक रात्री जमत, आणि तेथे त्यांनी जॅझची घडणच बदलून टाकली. न्यू ऑर्लिन्समध्ये १९६१ साली ‘प्रिझर्व्हेशन हॉल’ सुरू झाला. ती एक जुनाट खोली होती. बसायला बाके, मद्य नाही, ध्वनिवर्धक नाही. काम मिळेनासे झालेल्या म्हाताऱ्या काळ्या वादकांना अॅलन व सँड्रा जॅफी या गोऱ्या जोडप्याने तेथे रोजचे व्यासपीठ दिले, तेही त्या राज्यात वर्णभेदाचे कायदे लागू असताना. अशा जागेत माणूस वाजवणाऱ्यापासून चार हातांवर बसतो. कोण वाजवतो आहे हे त्याला ठाऊक असते. काल त्याने हीच चीज कशी वाजवली होती, हेही आठवत असते. त्या आठवणीतूनच समीक्षा जन्माला येते.

या रसिकाची आरती ओवाळण्याचे मात्र कारण नाही. अमिरी बराका यांनी १९६३ साली, लेरॉय जोन्स या नावाने लिहीत असताना, जॅझच्या गोऱ्या समीक्षकांवर नेमके बोट ठेवले : त्यांना स्वरांची पारख आहे, पण ते स्वर ज्या जगण्यातून आले त्या जगण्याशी त्यांना देणेघेणे नाही. मुंबईचेच पाहा. ज्या गिरणगावच्या चाळींतून जलसे रंगले, त्याच लोअर परळच्या मथुरादास गिरणीच्या आवारात २००७ साली ‘ब्लू फ्रॉग’ हा संगीत-क्लब उघडला आणि २०१६ मध्ये बंद झाला. तेथे जिवंत संगीत चांगले होत असे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण गिरणी गेली, गिरणीतला गाणारा माणूस गेला आणि मग तेथे गाणे आले, हा क्रम विसरून त्या गाण्याचे कौतुक करता येत नाही. नाशिकलाही आता द्राक्षमळ्यांच्या कडेला, मद्याच्या कारखान्यांच्या हिरवळीवर संगीत होते. ते ऐकायला येणारे मोटारीने येतात. मळ्यात द्राक्षे खुडणारी बाई तेथे श्रोता म्हणून कोणाच्या हिशेबात नसते.

गोऱ्या रसिकाने स्वर ऐकला आणि माणूस वगळला. आपली चूक याच्या नेमकी उलटी आहे. आपण माणूस ऐकतो, संदेश ऐकतो, स्वर वगळतो.

हे नाशिकनेच तपासून पाहायला हवे, कारण आंबेडकरी गायनाचा हा मूळ मुलूख. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. तो चालू असतानाच १९३१ साली नाशिक जिल्हा युवक संघाच्या नावाने कर्डकांचा जलसा उभा राहिला. तमाशाचा सांगाडा त्यांनी घेतला आणि त्यातला आशय उलटा केला. गावकीचे हक्क म्हणून ज्याला दुसऱ्यांच्या लग्नात दाराबाहेर उभे राहून वाजवावे लागे, तो आता स्वतःच्या माणसांसमोर स्वतःच्या मर्जीने वाजवू लागला. ही संगीताच्या इतिहासातली घटना आहे. पण आपल्या लेखनात तिची नोंद ‘प्रचाराचे प्रभावी माध्यम’ एवढीच होते. बाबासाहेबांनी जलशाचे मोल आपल्या सभांहून अधिक मानले, असे सांगितले जाते. हे वाक्य पत्रिकांवर छापणारी मंडळीच प्रमुख पाहुणे येईपर्यंत गर्दी धरून ठेवण्यासाठी गायकाला उभे करतात आणि मोटार आली की कडवे अर्ध्यावर तोडायला लावतात.

सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्याबाबतीत हा अन्याय अधिक ठळक होतो. त्यांच्या गीतांतील आंबेडकरनिष्ठेवर पुष्कळ लिहिले गेले. त्यांच्या चालींवर फारच थोडे. १९४३ साली त्यांनी रचलेले पहिले गीत हे एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवरचे विडंबन होते. आपले पदवीधर समीक्षक असल्या ‘चालीवरच्या गाण्यां’कडे जरा ओशाळूनच पाहतात. जणू ही उसनवारी आहे. जॅझचा जाणकार मात्र अशा ठिकाणी कान टवकारतो. चार्ली पार्करने १९४५ साली ‘को-को’ वाजवले, ते ‘चेरोकी’ या लोकप्रिय गाण्याच्या स्वरसांगाड्यावर. पार्करने सांगाडा ठेवून धून बदलली, वामनदादांनी धून ठेवून शब्द बदलले. रीती वेगळ्या, वृत्ती एकच : बाजारात जे सर्वांच्या ओठी आहे ते ताब्यात घ्यायचे आणि त्यातून आपले बोलणे वदवून घ्यायचे. एकाला प्रतिभा म्हणायचे आणि दुसऱ्याला नक्कल, हा कोणता न्याय?

जाता जाता एक गंमत. ताजमहाल हॉटेलात जॅझ वाजवणारा गोव्याचा चिक चॉकलेट हा ट्रम्पेटवादक सी. रामचंद्रांचा जोडीदार होता. १९५१ च्या ‘अलबेला’त त्याचा ताफा दिसतोही. चित्रपटाच्या चाली त्या काळी वस्तीवस्तीत शिरत होत्या. ताजच्या दारात ज्यांना कोणी उभे केले नसते, त्यांच्या पेटी-ढोलकीपर्यंत काळ्या माणसाचा ठेका पडद्यावरून येऊन पोचला असणे अशक्य नाही. कोणी तरुण अभ्यासकाने हे शोधावे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो बिनतोड वाटेल. भीमगीत हे चौकाचे, हजारोंच्या गर्दीचे गाणे. त्याला खोलीत कोंडून तुम्ही त्याची प्रस्थापितांसारखी बैठक करणार काय? मिंटन्समधले वादक मोठे बँड सोडून आले नव्हते, हे येथे लक्षात घ्यावे. चौक राहणारच. पण चौकात आज काय ऐकू येते? जयंतीला ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या राहतात, तयार ध्वनिफिती वाजतात आणि गाणारा जिवंत माणूस त्यात कोठेच नसतो. गायक, ढोलकीवाला, झीलकरी यांना एप्रिलात चार आणि ऑक्टोबरात दोन बोलावणी. उरलेल्या दिवसांत मजुरी. नवा मुलगा शिकणार कोठे? कोणासमोर चुकणार? गर्दी त्याची चूक ऐकत नाही आणि बारकावाही ऐकत नाही.

नाशिकात पिंपळपारावर पाडव्याच्या पहाटे शास्त्रीय गायन होते, त्यामागे ऐकणाऱ्यांचा एक वर्ग वर्षानुवर्षे उभा आहे. तसा वर्ग आपल्यात का नसावा? शिक्षक आहेत, बँकांतले कर्मचारी आहेत, वसतिगृहांतले विद्यार्थी आहेत. विहाराची खोली आहे, शाळेचा वर्ग संध्याकाळी रिकामाच असतो. महिन्यातून एका शनिवारी चाळीस माणसांनी सतरंजीवर बसावे. हारतुरे नकोत, अध्यक्ष नको, ध्वनिवर्धक तर नकोच. गीत कोणाचे, चाल कोणाची, ढोलकीवर कोण, हे आधी सांगावे. म्हाताऱ्या गायकाला एकच गीत दोनदा म्हणायला लावावे, दोन्ही वेळा काय बदलले ते टिपावे आणि या पानांवर छापावे. सारे ध्वनिमुद्रित करावे. बिदागी मात्र चाळीस जणांनी आधीच जमवून पाकिटात घालून ठेवावी आणि गायक पेटी उघडण्यापूर्वी त्याच्या हातात द्यावी. कार्यक्रमानंतर त्याला आयोजकांची वाट पाहत दाराशी थांबायला लावू नये.