दान, आहेर आणि सांभाळणारा

ओपन सोर्सवर बोलायला तत्त्वज्ञानाचा निवृत्त मास्तर कशाला, हा प्रश्न तुमच्यापैकी काहींच्या चेहऱ्यावर मला इथूनही दिसतो आहे. कोड लिहिणं हे माझं क्षेत्र नाही. पण कोड लिहिणारी मंडळी आपापसांत भांडतात तेव्हा जे शब्द वापरतात – स्वातंत्र्य, मालकी, दान, विश्वासघात – ते आमच्या दुकानातले आहेत. ते नीट तोलून वापरले जातात की नाही, एवढं तपासायला माझी हरकत नसावी.

मार्च २०२४ मध्ये नऊ दिवसांच्या अंतराने दोन गोष्टी घडल्या. पहिली २० तारखेची. रेडिस हा माहिती मेमरीत ठेवून झटपट हाती देणारा डेटाबेस. त्याचा परवाना अतिशय सैल होता; घ्या, बदला, विका, कोणी विचारणार नाही. कंपनीने जाहीर केलं की पुढच्या आवृत्त्यांना तो परवाना नाही, क्लाउड कंपन्यांना आमचंच सॉफ्टवेअर सेवा म्हणून विकायचं असेल तर आमच्याशी करार करा. झालं! डेव्हलपर मंडळी खवळली, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द: विश्वासघात. दोन आठवडेही झाले नव्हते तोच लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली जुन्या कोडवरून ‘वाल्की’ उभी राहिली. पाठीशी कोण? ॲमेझॉन, गूगल, ओरॅकल.

आता विश्वासघात व्हायला आधी वचन लागतं. जुन्या परवान्याने दिलेलं वचन एवढंच होतं की ही आवृत्ती तुमची, हवं ते करा. ते वचन शाबूत राहिलं. ते शाबूत होतं म्हणूनच तर वाल्की निघू शकली! मोडली ती अपेक्षा. पुढेही असंच मिळत राहील, ही अपेक्षा. बाहेर राहून ज्यांनी त्या प्रकल्पाला वर्षानुवर्षं कोड दिला त्यांची तक्रार मला खरी वाटते, त्यांनी सामायिक रांजणात पाणी ओतलं होतं. पण आरडाओरडा करणारे बहुतेक नुसते पिणारे होते.

इथे आपल्या भाषेचा उपयोग होतो. इंग्रजीत ‘गिफ्ट’ म्हटलं की सगळं एकाच पिशवीत. आपल्याकडे दान वेगळं, आहेर वेगळा. आहेराची वही असते. आज मी पाचशे घातले, उद्या माझ्या घरच्या कार्यात तुम्ही घालणार. मार्सेल मॉस या फ्रेंच अभ्यासकाने १९२५च्या सुमारास भेटीवर जो निबंध लिहिला तो खरं तर आहेराबद्दल आहे: देणं, घेणं आणि परत करणं, तिन्ही बंधनकारक. स्टॉलमन यांचा जीपीएल परवाना आहेराच्या जातीचा आहे. माझ्या कोडवर तुम्ही काही बांधलंत आणि ते दुसऱ्याला दिलंत, तर त्याचा कोडही खुला करा. रेडिसचा जुना परवाना शुद्ध दानाचा. दान घ्यायचं आणि आहेराच्या वहीतला हिशेब मागायचा, हा काय न्याय? ‘धर्माच्या गायी, दात का गं नाही’ म्हणतात ते हेच.

आता दुसरी गोष्ट, २९ मार्चची. फाइल दाबून लहान करणारं एक्सझेड नावाचं साधन आहे, बहुतेक सगळ्या लिनक्स यंत्रणांत असतं. त्याच्या नव्या आवृत्तीत कोणीतरी चोरदरवाजा बसवला होता. तो सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या यंत्रावर लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, आणि तो खोदत गेला.

एरिक रेमंड यांचं १९९७चं ‘द कथीड्रल अँड द बझार’ तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. बघणारे डोळे भरपूर असले की चूक लपत नाही, असा त्यांचा भरवसा. एक्सझेडमध्ये चोरदरवाजाचा माल चाचणीसाठी ठेवलेल्या फायलींत दडवलेला होता. त्या फायली माणसाने वाचण्यासारख्या नसतातच. आणि तो जागा करणारा तुकडा होता फक्त वितरणाच्या गठ्ठ्यात, सगळे जिथे कोड पाहतात तिथे नव्हताच. डोळे भरपूर होते हो, पण बघायचं कोणी, हे ठरलेलं नव्हतं. २०१४ चा हार्टब्लीड आठवा. ओपनएसएसएलमधली ती चूक दोन वर्षं उघड्यावर पडून होती. निम्म्या जगाची कुलुपं ज्या कोडवर, त्या प्रकल्पाला वर्षाकाठी देणग्या येत होत्या सुमारे दोन हजार डॉलर.

पण माझा रेमंड यांच्याशी खरा वाद दुसऱ्या निबंधावर आहे, १९९८च्या ‘होमस्टेडिंग द नूस्फिअर’वर. तिथे ते थेट जॉन लॉकला बोलावतात. पडीक जमिनीत घाम गाळला की ती तुझी, प्रकल्पाचंही तसंच. मालक होण्याचे मार्ग तीन: स्वतः सुरू करा, मालकाकडून घ्या, किंवा कोणी टाकून दिलेला असेल तर ताबा सांगा. निरीक्षण म्हणून हे चोख आहे. पण लॉकच्या मालकाला शेताला कुंपण घालता येतं, पीक त्याचं असतं. इथल्या मालकाला कुंपण नाही, पीक सगळ्यांचं. त्याच्याकडे उरतं काय? राखण. लॉकचा सिद्धांत हक्काचा होता, तो इथे आणताना हक्क वाटेत गळून पडला आणि राबणं तेवढं शिल्लक राहिलं, हे रेमंड यांच्या ध्यानातच येत नाही. नावलौकिक मिळतो म्हणतात. दाबलेल्या फायली उलगडणाऱ्याला कसला लौकिक?

आणि एक्सझेडवरचा हल्ला रेमंड यांनी सांगितलेल्या रूढीनेच आत शिरला. २०२२ मध्ये काही जण त्या प्रकल्पाच्या एकट्या मेंटेनरच्या मागे लागले होते: कामं रखडली आहेत, झेपत नसेल तर दुसऱ्याकडे द्या. त्यातली काही नावं बनावट असावीत असा दाट संशय आहे. मात्र ती भाषा बनावट नव्हती, अशी पत्रं रोज अनेक मेंटेनरना जातात, म्हणून तर ती कोणाला खटकली नाहीत. त्या माणसाने उत्तर दिलं की आपली मानसिक प्रकृती बरी नाही, आणि हे बिनपगारी, छंदाचं काम आहे. शेवटी मदतीला आलेल्या एका कामसू सहकाऱ्याच्या हाती त्याने अर्ध्या किल्ल्या दिल्या. तोच हल्लेखोर.

‘मेंटेनरना पैसे द्या’ हा उपाय आता सगळे सांगतात. द्यावेतच, हार्टब्लीडनंतर मोठ्या कंपन्यांनी हात सैल केला तेव्हा ओपनएसएसएलचं पुष्कळ भलं झालं. पण रेडिसवर आठवडाभर विश्वासघाताची चर्चा करणाऱ्यांना मला एक विचारायचं आहे. परवान्यात घेणाऱ्याने काय काय करावं याची मुभा लिहिलेली असते, आणि तळाशी मोठ्या अक्षरांत, कसलीही हमी नाही. त्या दोन परिच्छेदांच्या मध्ये, आजारी आहे म्हणणाऱ्या माणसाशी कसं बोलायचं, हे कुठे ठरवलं आहे तुम्ही?

मे २०२४ च्या अखेरीस एक्सझेडची साफसूफ केलेली ५.६.२ ही आवृत्ती आली. ती काढली त्याच जुन्या मेंटेनरने.