योगायोग कुणाच्या वाट्याला?

आपल्याकडील प्रस्थापित समीक्षेला कलाकृतींच्या जन्मकथा फार प्रिय आहेत. लेखक रस्त्याने चालला होता, कुणी अनोळखी माणूस भेटला, दोन शब्द बोलला आणि त्या दोन शब्दांतून पुढे नाटक उभे राहिले, असे सांगितले की निर्मितीचे गूढ उकलल्याचे समाधान मिळते. या कथा खोट्या असतात असे मला म्हणायचे नाही. बहुतेक खऱ्याच असतात. माझा प्रश्न निराळा आहे. अशी भेट घडायची तर दोन अनोळखी माणसांना एकाच रस्त्यावरून सारख्याच मोकळेपणाने चालता आले पाहिजे. ज्या समाजात गावाची रचनाच मुळी कुणी कुणाला भेटू नये अशा बेताने झालेली आहे, तिथे ‘योगायोग’ हा शब्द कुणाच्या वाट्याला येतो?

या प्रश्नाचा विचार करायला विजय तेंडुलकर यांच्याइतके सोयीचे उदाहरण मराठीत दुसरे नाही. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या १९६७ च्या नाटकाची जन्मकथा नाट्यवर्तुळात सर्वांना ठाऊक आहे. अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला विलेपार्ल्यात आलेली एक हौशी मंडळी तेंडुलकरांना भेटली. त्यांचे आपसातले बोलणे कानावर पडले आणि त्या बोलण्यातून नाटकाचा सांगाडा हाती लागला. ‘रंगायन’ने ते रंगभूमीवर आणले, अरविंद देशपांडे यांनी दिग्दर्शन केले, सुलभा देशपांडे यांची बेणारे गाजली. पुढचा सारा इतिहास आपण शिकवतो आणि विद्यार्थी पाठ करतात.

आता ही भेट नीट पाहा. मध्यमवर्गीय लेखक, मध्यमवर्गीय हौशी नट आणि मध्यमवर्गीय उपनगर. भाषा एक, विनोद एक, एकमेकांना टोचण्याची तऱ्हासुद्धा एक. तेंडुलकरांना इथे दुभाष्या लागला नाही. कान उघडा ठेवला की पुरे होते, आणि तो कान असामान्य तीक्ष्ण होता हे मान्यच केले पाहिजे. आपल्याच वर्गाच्या हसण्याखिदळण्यात दडलेली हिंसा त्यांनी ऐकली. हे सोपे काम नव्हे. परंतु ही भेट ‘अचानक’ झाली असली तरी अनपेक्षित प्रदेशातली नव्हती. (जाता जाता एक सांगतो. याच नाटकात सामंत नावाचा स्थानिक साधा माणूस आहे. तोही त्या मंडळींना असाच सहज भेटतो, त्याला साक्षीदार म्हणून उभे केले जाते, आणि तो बिचारा कादंबरीतला मजकूर साक्ष म्हणून सांगतो. नवख्या माणसाला आपल्या खेळात ओढून त्याच्याकडून काय वदवून घेता येते, हे तेंडुलकरांना चांगले कळत होते. या पात्राकडे समीक्षकांनी अधिक लक्ष द्यायला हवे होते.)

वर्गात ही जन्मकथा सांगितल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली होती, “सर, आमच्या वस्तीत असा कुणी सहज चालत येत नाही. येतो तो कामासाठी, नाही तर मोजणीसाठी.” पुण्यात राहणाऱ्याला या वाक्याचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही. ज्या वस्तीत मी वाढलो तिथेही पेठेतला माणूस वाट चुकून आलेला मला आठवत नाही. वाट चुकायलासुद्धा आधी त्या दिशेला निघावे लागते.

तेंडुलकर त्या दिशेला एकदा निघाले. १९७२ साली नामदेव ढसाळ यांच्या ‘गोलपिठा’ला त्यांनी प्रस्तावना लिहिली. ढसाळांचा जन्म १९४९ चा, आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातील पूर-कनेरसरचा. लहानपणीच ते मुंबईला गेले, कामाठीपुऱ्याच्या परिसरात वाढले, टॅक्सी चालवली, आणि कविता लिहिली. तेंडुलकर तेव्हा मराठीतले मोठे नाटककार होते, तरी या कवितेतले कितीतरी शब्द त्यांना कळले नाहीत. त्यांनी ते कवीला विचारून घेतले, आणि त्याच्याबरोबर तो भाग रात्री पायाखाली घातला. पांढरपेशांचे जग जिथे संपते तिथून या कवितेचा मुलूख सुरू होतो, अशा आशयाची मांडणी त्या प्रस्तावनेत आहे.

मला ही प्रस्तावना महत्त्वाची वाटते ती स्तुतीसाठी नव्हे, त्यातल्या अज्ञानाच्या कबुलीसाठी. मराठी लेखकाला मराठी कवीच्या शब्दांचे अर्थ विचारावे लागतात आणि दोघे एकाच शहरात राहतात! विलेपार्ल्यातल्या भेटीला वाटाड्या लागला नव्हता, इथे लागला. आणि वाटाड्या स्वतः कवी होता, त्याचा ग्रंथ लिहून तयार होता. म्हणून इथे ‘भेटलेला माणूस’ हा कुणाच्या कलाकृतीचा कच्चा माल झाला नाही. तेंडुलकर त्याच्या पुस्तकाच्या उंबरठ्यावर थांबले, आत ढसाळ बोलले. आपल्या वाङ्मयव्यवहारात असा क्रम क्वचितच घडतो, आणि इथे तो घडला कारण दलित कवीने आपला शब्द कुणाच्या हवाली करण्याआधी स्वतः लिहून ठेवला होता.

याच्या उलट ‘कमला’. १९८१ साली ‘इंडियन एक्स्प्रेस’चे अश्विनी सरीन यांनी मध्य प्रदेशात पैसे मोजून एक बाई विकत घेतली आणि स्त्रियांचा बाजार उघडकीस आणला. त्या बातमीवरून तेंडुलकरांनी नाटक रचले. नाटकातला पत्रकार जयसिंग जाधव एका आदिवासी स्त्रीला विकत आणून पत्रकार परिषदेपुढे उभी करतो. कमला घरात येते, पत्रकाराच्या बायकोला, सरिताला, तुला केवढ्याला घेतले असे विचारते, आणि सरिताचे डोळे उघडतात. मध्यमवर्गीय नवऱ्याचा दंभ नाटक निर्दयपणे फोडते, यात शंका नाही. पण कमलाचे काय? तिची रवानगी आश्रमात होते आणि नाटक सरिताचे होऊन राहते. पत्रकाराने तिचा वापर केला म्हणून नाटक त्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करते, आणि सरिताला आरसा हवा म्हणून स्वतःही तिचा वापर करते. तिच्या गावात, तिच्या भाषेत, तिच्या भुकेच्या हिशेबात नाटक जात नाही. इथे रात्री बरोबर फिरवणारा कुणी ढसाळ नव्हता. वर्तमानपत्राचे पान होते.

दलित लेखकाच्या बाजूने अनोळखी माणसाची भेट कशी दिसते ते पाहायचे तर बाबुराव बागुलांच्या १९६३ च्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या संग्रहातली शीर्षककथा पुन्हा वाचावी. रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण परक्या मुलखात येतो. अनोळखी माणसे भेटतात, त्याच्या वाणीवर खूश होतात, घरी बोलावतात. सवर्ण लेखकाने ही माणुसकीच्या योगायोगाची हृद्य कथा केली असती. बागुलांच्या कथेत भेटीचे आयुष्य जात लपून राहील तेवढेच असते. जात उघडी पडताच तेच हात मारायला उठतात. अनोळखी असणे ही प्रस्थापिताला चैन वाटते. आपल्या माणसाला ती काही दिवस उधार मिळालेली सुरक्षितता असते.

आणि मग नागराज मंजुळे. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचा, वडार समाजातला हा मुलगा पुणे विद्यापीठातून मराठीत एम.ए. झाला. ‘फँड्री’साठी जब्याचा शोध चालू असताना त्याच तालुक्यातल्या केम गावात हलगी वाजवणारा एक मुलगा त्याच्या नजरेस पडला. तो सोमनाथ अवघडे. त्याने आधी नाहीच म्हटले, त्याला राजी करावे लागले. पुढे ६१ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला उत्कृष्ट बालकलाकाराचा मान मिळाला आणि मंजुळेला पदार्पणातील दिग्दर्शकाचा. वर्तमानपत्रांनी याची ‘नशीब उजळले’ छापाची गोष्ट केली.

परंतु हलगी वाजवणारा पोर दिसणे यात योगायोग तो काय? पिढ्यान्‌पिढ्या प्रत्येक जत्रेत, प्रत्येक वरातीत तो सर्वांच्या पुढे चालत आला आहे. हजारो लोक त्याच्या तालावर नाचले. आवाज सर्वांनी ऐकला, वाजवणाऱ्याचे तोंड कुणी पाहिले नाही. मंजुळेने ते पाहिले, कारण त्या तोंडावरचे भाव त्याला पाठ होते. विलेपार्ल्यात तेंडुलकरांच्या कानाला जे साधले तेच केमला मंजुळेच्या डोळ्याला साधले. दोघेही आपल्याच माणसांत होते. फरक इतकाच की तेंडुलकरांच्या माणसांसाठी रंगमंच आधीपासून बांधलेला होता. म्हणून ‘फँड्री’त डुकरामागे धावणारे कुटुंब आणि मजा बघत बसलेले गाव समोरासमोर येतात तेव्हा कॅमेरा गावाबरोबर बसत नाही, आणि शेवटी जब्याचा दगड थेट आपल्या अंगावर येतो.

‘झुंड’विषयी मात्र मी इतका निःशंक नाही. २००१ साली नागपुरात हिस्लॉप महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांना भर पावसात फुटकी बादली लाथाडून फुटबॉल खेळणारी झोपडपट्टीतली मुले दिसली, आणि त्यातून त्यांचे मोठे काम उभे राहिले. बारसे थांबले, आणि नुसते पाहून गेले नाहीत, परत परत गेले. त्यांच्या कामाबद्दल आदरच आहे. पण २०२२ च्या चित्रपटात या वाटसरूच्या भूमिकेत अमिताभ बच्चन आले आणि पूर्वार्धात जुनाच साचा डोके वर काढतो: थोर माणूस सहज जातो, सहज पाहतो, मुलांचे भाग्य बदलते. मंजुळेला याची जाणीव असावी. म्हणूनच उत्तरार्धात तो प्रशिक्षकाला थोडा बाजूला करून पासपोर्टसाठी कचेऱ्यांचे खेटे घालणाऱ्या पोराच्या मागे जातो. स्वतःच्या देशाचा नागरिक असल्याचा कागद मिळवताना त्या पोराला जे हेलपाटे पडतात, त्यात एकही भेट सुखद योगायोगाची नाही. आणि महाविद्यालय व झोपडपट्टी यांच्यामधल्या भिंतीवरची पाटी चित्रपट शेवटपर्यंत उतरू देत नाही. भिंत ओलांडण्यास सक्त मनाई आहे, असे तिच्यावर लिहिले आहे.