शिष्यवृत्ती आणि छप्पर

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थीदशेवर आपल्याकडे उदंड लिहिले गेले. परंतु या लेखनात बडोद्याची शिष्यवृत्ती बहुधा दयाळू राजाच्या दानाची कथा होऊन येते. माझा आक्षेप या मांडणीला आहे. दानाची कथा ऐकणारा हात जोडतो; व्यवहार समजलेला मुलगा अर्ज लिहायला बसतो.

व्यवहार असा होता. एल्फिन्स्टन कॉलेजात असताना कृ. अ. केळुसकरांच्या शब्दावरून सयाजीरावांनी दरमहा २५ रुपये दिले. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मंजूर झाले. बदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार. १९२० साली लंडनचा अर्धवट अभ्यास पुरा करायला ते निघाले, तेव्हा गाठीला सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली बचत, शाहू महाराजांचे १५०० रुपये आणि नवल भथेना यांच्याकडून कर्जाऊ घेतलेले ५००० रुपये होते. सयाजीरावांचे ऋण याने उणे होत नाही. पण हे शिक्षण एका दात्यावर उभे नव्हते, हे चरित्रकाराने ठसठशीत सांगायला हवे.

या शिष्यवृत्तीची दुसरी बाजू बाबासाहेबांनीच १९३५-३६ च्या सुमारास लिहून ठेवली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे ते लेखन १९९० साली पुस्तकरूपाने आले. त्यातले बडोद्याचे प्रकरण आपण अस्पृश्यतेचा पुरावा म्हणून वाचतो. हे वाचन खरे, पण अपुरे आहे. करार पाळण्यासाठी १९१७ साली बाबासाहेब बडोद्याला गेले. कचेरीत जागा मिळाली, राहायला मिळाली नाही. पारशी नाव लावून ते पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी लोक काठ्या घेऊन आले. सरकारी बंगल्याचा अर्ज या अधिकाऱ्याकडून त्या अधिकाऱ्याकडे फिरत होता. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्रानेही घरात घेणे टाळले. ज्या संस्थानाने शिकवले, त्याच्याच राजधानीत त्यांना छप्पर नव्हते!

लाखांदूर-पवनीकडून नागपूरला शिकायला गेलेल्या आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या मुलाला हे प्रकरण वेगळे समजावून सांगावे लागत नाही. आईबाप धानाच्या रोवणीवर. फी माफ होते, खोलीचे भाडे आणि खाणावळ माफ होत नाही. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अशा विद्यार्थ्यांसाठी राज्याची स्वाधार योजना निघाली ती २०१६-१७ साली. बडोद्याच्या प्रश्नाला उत्तर मिळायला शंभर वर्षे लागली!

१९५४ च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्यात बाबासाहेबांचा पराभव झाला, ही सल आपण उगाळत राहतो. पण १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी पैसा मागितला आणि १९४४ साली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, हे आपल्यापैकी किती जण सांगतात? ज्याला राजाने निवडले, त्याने पुढच्यांना राजाची गरजच उरू नये अशी तजवीज केली. आपल्या चरित्रलेखनाने कृतज्ञतेच्या जोडीला हा हिशेबही मांडावा: रक्कम किती, अट कोणती, आणि कशाचा खर्च त्यात धरलेला नाही. अर्ज भरणाऱ्या मुलाला आज नेमके हेच हवे आहे.