मम्प्सिमस आणि सम्प्सिमस

इंग्रजी भाषेत 'मम्प्सिमस' असा एक शब्द आहे. नित्याच्या वाचनात तो सहसा आढळत नाही. मोठ्या कोशांत मात्र त्याला जागा मिळालेली आहे. चूक दाखवून दिल्यावरही जो हट्टाने तीच धरून बसतो असा मनुष्य, किंवा अशी धरून ठेवलेली चूक, असे त्याचे दोन अर्थ कोशकार देतात. एवढ्यावर समाधान मानून कोश मिटावा, असे कोणालाही वाटेल. परंतु या शब्दाचा इतिहास पाहिला असता, हा अर्थ खोटा नसला तरी एकांगी आहे, असे आमचे मत झाले आहे. ते येथे मांडावयाचे आहे.

मूळ कथा थोडक्यात अशी. ख्रिस्ती धर्मातील मास नामक उपासनेत प्रसाद ग्रहण केल्यानंतर म्हणावयाची एक लॅटिन प्रार्थना आहे. तीत 'सम्प्सिमस', म्हणजे 'आम्ही ग्रहण केले', असे क्रियापद येते. एक अल्पशिक्षित इंग्रज पुरोहित तेथे 'मम्प्सिमस' म्हणत असे. लॅटिनमध्ये असा शब्दच नाही. कोणी ही चूक दाखविली तेव्हा त्याने उत्तर दिले की, तुमच्या नव्या सम्प्सिमसासाठी मी माझा जुना मम्प्सिमस टाकणार नाही. रिचर्ड पेस या इंग्रज मुत्सद्द्याने १५१७ साली बाझल येथे छापलेल्या आपल्या लॅटिन ग्रंथात ही गोष्ट दिली आहे. तो पुरोहित तीस वर्षे तसेच म्हणत आला होता, असेही तो सांगतो. त्याच्या आदल्या वर्षी इरॅस्मस या डच पंडितानेही एका पत्रात ती सांगितली होती.

या उत्तरातील एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. 'माझे बरोबर, तुमचे चूक' असे तो पुरोहित म्हणतच नाही. 'माझे जुने, तुमचे नवे' एवढेच तो म्हणतो. चूक कोणाच्याही हातून होते, आणि अल्पशिक्षित माणसाला ती क्षम्यही आहे. त्याचा खरा दोष हा की, शुद्धाशुद्धाचा प्रश्न त्याने जुन्या-नव्याच्या प्रश्नात बुडवून टाकला.

आता ही कथा सांगणाऱ्यांकडे वळू. इरॅस्मसाने ती सांगितली त्याच वर्षी, म्हणजे १५१६ साली, नव्या कराराची ग्रीक संहिता आपल्या नव्या लॅटिन भाषांतरासह त्याने प्रसिद्ध केली होती. हजार वर्षांहून अधिक काळ मान्य असलेल्या लॅटिन पाठाला हात लावल्याबद्दल त्याच्यावर टीका होत होती. त्या टीकाकारांना उत्तर म्हणून मम्प्सिमसाची कथा फारच सोयीची होती. पण सोयीचे हत्यार न्याय्य असतेच असे नाही. १५१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत इरॅस्मसाने योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभीचा 'व्हर्बुम' हा शब्द बदलून 'सेर्मो' असा केला, आणि मोठे वादळ उठले. 'व्हर्बुम' म्हणजे शब्द. 'सेर्मो' म्हणजे भाषण. नव्या शब्दाला प्राचीन धर्माचार्यांचा आधार होता, हे खरे; परंतु जुना शब्द अशुद्ध होता, असे कोणालाही म्हणता आले नसते. 'व्हर्बुम' धरून ठेवणाऱ्याला मम्प्सिमसाच्या पंक्तीस बसविणे हा आमच्या मते अन्याय होय. तेथे प्रश्न निवडीचा होता, चुकीचा नव्हता.

पुढे या शब्दाची धार वाढतच गेली. बायबलाचा इंग्रजी भाषांतरकार विल्यम टिंडल याने १५३० साली तो चक्क धर्मशास्त्राच्या पंडितांना लावला. अडाणी पुरोहितासाठी जन्मलेला शब्द तेरा वर्षांत विद्वानांच्या माथी बसला! वाद न करता प्रतिपक्षाला निकालात काढण्याची सोय त्यात झाली.

या शब्दाचा सर्वांत प्रसिद्ध उपयोग राजा आठवा हेन्री याने केला. २४ डिसेंबर १५४५ रोजी पार्लमेंटपुढे केलेल्या भाषणात त्याने धर्मोपदेशकांची कानउघाडणी केली: काहीजण आपल्या जुन्या मम्प्सिमसात ताठर झाले आहेत, तर काहीजण नव्या सम्प्सिमसाच्या फाजील खटाटोपात दंग आहेत, असा त्याचा आशय होता. येथे प्रथमच दोन्ही शब्द समान दोषाचे म्हणून शेजारी उभे राहिले. राजाचे हे निदान आम्हांस मार्मिक वाटते. जुने म्हणून बरोबर म्हणणारा आणि नवे म्हणून बरोबर म्हणणारा, दोघेही त्या पुरोहिताचेच वारस.

परंतु निदान करणाऱ्याचे हात स्वच्छ नव्हते. याच राजाच्या कारकीर्दीत ३० जुलै १५४० रोजी लंडनच्या स्मिथफील्ड मैदानात नव्या मताच्या तिघांना जाळण्यात आले, आणि जुन्या मताच्या तिघांना फाशी देऊन त्यांच्या देहाचे तुकडे करण्यात आले. एकच दिवस, एकच मैदान. मध्यममार्ग शब्दांत सांगणे किती सोपे असते, हे यावरून दिसते.

कोशकारांनी पुढे सम्प्सिमसालाही जागा दिली: रूढ चुकीच्या जागी आग्रहाने आणलेले शुद्ध रूप, असा त्याचा अर्थ. पण तो आपल्या जोडीदाराइतका फिरला नाही. गंमत अशी की, लॅटिनमध्ये जो शब्दच नव्हता तो इंग्रजीत शुद्ध ठरला आहे. एका अर्थी पुरोहिताचा हट्ट फळास आला!

आपल्यापैकी अनेकांचे आयुष्य परप्रांतातील कचेऱ्यांत, मागील नस्तींचे दाखले पाहून नवे मसुदे करण्यात गेले आहे. एखादे चुकीचे वाक्य केवळ पूर्वी सही होऊन गेले म्हणून पुढील मसुद्यात उतरते. हा शुद्ध मम्प्सिमस होय, आणि तो निर्भयपणे खोडला पाहिजे. पण घरच्या जुन्या पत्रांकडे पाहताना हात आवरावा. १९६२ साली मराठी लेखनाचे नवे नियम शासनाने स्वीकारले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. त्यापूर्वी लिहावयास शिकलेल्या वडीलधाऱ्यांनी अखेरपर्यंत ते अनुस्वार दिले असतील, तर ती चूक नव्हे. त्यांना तेच शुद्ध म्हणून शिकविले होते. त्यांच्या पत्रावर तांबडी शाई चालविणारा मुलगा मात्र हेन्रीच्या दुसऱ्या वर्गात मोडेल.

म्हणून कोणाला मम्प्सिमस म्हणण्यापूर्वी, त्याचे म्हणणे खरोखर चूक आहे की केवळ जुने आहे, एवढे आपण स्वतःला विचारावे. कोशातील अर्थात हा प्रश्न नाही. शब्दाच्या इतिहासात तो आहे.